दुखत नसताना एक्स-रे का काढायचा: खुब्याच्या कृत्रिम सांध्याची झीज

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सातपूरच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर काम करून निवृत्त झालात, वय ६३. २००८ साली उजव्या खुब्याचा सांधा बदलला. सतरा वर्षं झाली, दुखत काही नाही. पण धातूच्या सांध्यामुळे रक्तात विष भिनतं असं मुलीनं कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून घरात ‘काढून टाका’ म्हणून धोशा चालू आहे. दुसरीकडे दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या तुमच्या धाकट्या भावाला, वय ४४, एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरतं तो आजार) दोन्ही खुबे बदलायला सांगितले आहेत. त्यांना सिरॅमिक सुचवलंय, त्याचे पैसे जास्त, आणि वर कुणीतरी ‘सिरॅमिक फुटतं’ अशी भीती घातली आहे. शेवटी तुम्ही विचारलंय: ‘आमच्याकडे बेअरिंग आवाज करायला लागलं की बदलायचो. इथं कळणार कसं?’

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. त्याचं उत्तर सापडलं की बाकीचं आपोआप सुटतं.

मशीनमध्ये बेअरिंग झिजलं की कीस तेलाबरोबर वाहून जातो, फिल्टरमध्ये अडकतो, तेल बदललं की विषय संपतो. खुब्यात तेल बदलायची सोय नाही. जे झिजलं ते तिथंच राहतं. आणि तुम्हाला ऐकून नवल वाटेल, पण कृत्रिम सांध्याचं खरं नुकसान गोळा ज्या वाटीत फिरतो ती पातळ झाल्यामुळे होत नाही. पाच-सात मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमधलं दीड-दोन मिलिमीटर गेलं तरी सांधा हलतो, चालतो, आवाजही करत नाही. नुकसान करतो तो झडलेला भुगा.

हे जगाला पहिल्यांदा कळलं ते इंग्लंडमध्ये, सर जॉन चार्नली यांच्या रुग्णांवरून. आज आपण जो सांधा बसवतो त्याची मूळ कल्पना त्यांची: धातूचा छोटा गोळा आणि प्लास्टिकची वाटी. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. पदार्थ इतका गुळगुळीत की घर्षण नावालाच. सुमारे ३०० रुग्णांना ते सांधे बसवले आणि दोन-तीन वर्षांतच वाट्या भसाभसा झिजल्या, सांध्याभोवती पांढुरक्या गाठी झाल्या, हाड खाल्लं गेलं. दोष टेफ्लॉनच्या कणांचाच आहे का हे पडताळायला चार्नलींनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं होतं. पुढची गोष्ट तुमच्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला आवडेल. कापडाच्या मागांसाठी गिअर बनवायला वापरतात ते जाड पॉलिथिलीन घेऊन एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत आला. चार्नलींनी त्यात नख रोवून पाहिलं आणि वेळ फुकट घालवू नका म्हणाले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते गुपचूप झीज मोजायच्या मशीनवर चढवलं. आठवडे उलटले तरी ते टेफ्लॉनच्या एका दिवसाइतकंही झिजेना. नोव्हेंबर १९६२ पासून वाट्या त्याच पॉलिथिलीनच्या होऊ लागल्या, आणि आजही जगातल्या बहुतेक खुब्यांमध्ये त्याचीच सुधारलेली पिढी आहे.

आता भुग्याचं काय होतं ते. धडधाकट माणूस वर्षाला साधारण दहा लाख पावलं प्रत्येक पायावर टाकतो. सपाट रस्त्यावर चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, आणि ठेच लागली तर क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. जुन्या पद्धतीच्या पॉलिथिलीनमधून एका पावलाला झडणारे कण लाखांच्या घरात असू शकतात. त्यांचा आकार बहुतांशी एका मायक्रॉनच्या आत. नेमका हाच आकार वाईट. मोठा तुकडा शरीर वेढून बाजूला ठेवतं. इतका बारीक कण मात्र आपल्या संरक्षक पेशी, मॅक्रोफेज, गिळतात. जंतू समजून गिळतात, पण प्लास्टिक पचत नाही. मग त्या पेशी रसायनं सोडत राहतात आणि त्या रसायनांमुळे हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात. वाटीच्या मागचं आणि मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याच्या वरच्या भागाभोवतीचं हाड हळूहळू पोखरलं जातं. याला आम्ही ऑस्टिओलिसिस म्हणतो. पूर्वी सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटला दोष देऊन ‘सिमेंटचा आजार’ म्हणायचे; पुढे बिनसिमेंटच्या सांध्यातही तेच दिसलं, तेव्हा तो शब्द मागे पडला.

हाड पोखरलं जाताना दुखत नाही, हीच यातली मेख आहे. दुखतं ते पोखरून झाल्यावर, म्हणजे वाटी किंवा दांडा सैल झाल्यावर, नाहीतर हाड मोडल्यावर. निफाड भागातल्या एक शेतकरी बाई माझ्याकडे आल्या होत्या त्या थेट स्ट्रेचरवर. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सांधा बदललेला, कधी तक्रार नाही, त्यामुळे मधल्या काळात एकदाही एक्स-रे नाही. ओट्यापाशी नुसत्या वळल्या आणि मांडीचं हाड दांड्याच्या बाजूनं मोडलं. ऑपरेशनमध्ये काढलेला लायनर, म्हणजे वाटीच्या धातूच्या कवचात बसणारं प्लास्टिकचं अस्तर, मी नातेवाइकांच्या हातात दिला. नव्या लायनरच्या आतल्या बाजूला लेथवर कापल्याच्या बारीक रेषा दिसतात. यात खालच्या बाजूला त्या रेषा अजून शाबूत होत्या आणि वरच्या बाजूला एक लंबगोल, चकचकीत खळगा पडला होता. त्याच्या काठावर नख फिरवलं की पायरी लागत होती. धातूचा गोळा मात्र नव्यासारखा. वाटीच्या मागच्या हाडातल्या पोकळीत माझं बोटाचं पेर सहज आत जात होतं. दोन-तीन वर्षं आधी एक साधा एक्स-रे निघाला असता तर नुसता लायनर आणि गोळा बदलून, पोकळीत हाडाचा चुरा भरून काम भागलं असतं. प्रत्यक्षात लांब दांडा, तारा, हाडाची जोडणी, आणि महिनोन्महिने वॉकर.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आवाजाची वाट पाहायची नाही. एक्स-रे काढायचा, तोही दुखत नसताना. दोन्ही खुबे एकाच फिल्ममध्ये येतील असा समोरून, आणि एक बाजूनं. आम्ही पाहतो ते इतकंच की गोळा वाटीच्या मधोमध आहे का. पॉलिथिलीन एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे धातूचा गोळा आणि धातूचं कवच यांच्यात काळी फट दिसते. नव्या सांध्यात ती वर-खाली सारखी असते. झीज झाली की गोळा वर सरकतो आणि वरची फट अरुंद होते. पहिल्या एक-दोन वर्षांत थोडं सरकणं हे प्लास्टिक दबून बसल्यामुळे असतं, त्याला झीज म्हणत नाहीत. त्यानंतर वर्षाला ०.१ मिलिमीटर हा जुन्या प्लास्टिकचा सर्वसाधारण वेग, आणि त्याच्या वर गेलं की हाड पोखरायची भीती वाढते. ०.०५ च्या खाली राहिलं तर पोखरणं क्वचितच दिसतं. जुन्या वेगानं तुमचे सतरा वर्षांत दीड-पावणेदोन मिलिमीटर गेले असतील. इतकं साध्या एक्स-रेवर डोळ्यांनी दिसतं, पण जुनी फिल्म शेजारी ठेवली तरच खात्रीनं सांगता येतं. आणि जुनी फिल्म लोकांकडे नसते. पावसाळ्यात माळ्यावर चिकटून जाते किंवा भंगारवाला चांदीसाठी घेऊन जातो. भांड्यांच्या बदल्यात एक्स-रे दिलेले रुग्ण मी पाहिलेत.

आता तुमच्या मुलीची भीती. ती निराधार नाही, पण ती ज्या सांध्याबद्दल आहे तो बहुधा तुमचा नाही. गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची, मध्ये प्लास्टिक नाही, असे सांधे २००० नंतरच्या दशकात तरुण रुग्णांसाठी जोरात होते. कोबाल्ट-क्रोमियमवर कोबाल्ट-क्रोमियम घासलं की आकारमानानं भुगा कमी निघतो, हे खरं. पण ते कण पॉलिथिलीनपेक्षा कितीतरी बारीक, संख्येनं जास्त, आणि त्यांच्यातून धातूचे आयन रक्तात उतरतात. सांध्याभोवती पाणी भरतं, मांसल गाठी होतात, स्नायू मरतात. यातला सर्वांत गाजलेला डीप्यू कंपनीचा एएसआर. त्याची वाटी उथळ होती. ती जराशी उभी बसली तरी सगळा भार काठावर यायचा. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत बोलावला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि इथल्या रुग्णांच्या भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं: तीन लाखांपासून १.२३ कोटी रुपयांपर्यंत.

तुमचं ऑपरेशन नेमकं याच काळातलं, म्हणून खात्री करूनच घ्यायची. तुम्ही लिहिलंय की डिस्चार्ज कार्डवर कंपनीचं नाव नाही, पण एक्स-रेत गोळा आणि वाटी यांच्यामध्ये ‘काळी कड’ दिसते. हे फार चांगलं निरीक्षण आहे. धातू-धातू सांध्यात ती कड नसते, गोळा आणि वाटी मिळून एकच पांढरा गोल दिसतो. म्हणजे तुमच्यात पॉलिथिलीन आहे. तरीही रुग्णालयाकडून जुन्या फाइलची नक्कल मागा. प्रत्येक सुट्या भागाबरोबर एक स्टिकर येतो, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, आणि तो ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवलेला असतो. पुढंमागं फक्त लायनर बदलायची वेळ आली तर त्याच कवचात बसणारा त्याच मापाचा लायनर लागतो. मॉडेल बंद झालेलं असेल तर आम्हाला दुसरा लायनर सिमेंटनं चिकटवावा लागतो, किंवा घट्ट बसलेलं चांगलं कवच उपटावं लागतं. त्या दोन इंची कागदाचं मोल तेव्हा कळतं.

रक्तातलं कोबाल्ट तपासायची घाई तुम्हाला नाही. धातू-धातू सांधा असेल तर दुखत नसलं तरी ती तपासणी करावी. ब्रिटनच्या नियामकांनी लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही चौकशी सुरू करायची पातळी ठरवली होती. धातू-प्लास्टिक सांध्यात ती करावी लागते ती जांघेत कारण न सापडणारं दुखणं किंवा सूज असेल तर. कारण तिथंही एक चोरवाट आहे: गोळा ज्या निमुळत्या मानेवर ठोकून बसवतात त्या जोडात सूक्ष्म हालचाल होते, आत ओल शिरते आणि गंज धरतो. गोळा जितका मोठा तितका त्या मानेवर पीळ जास्त. गोळा काढला की मानेवर काळी पुटं दिसतात. हा नमुना साध्या ट्यूबमध्ये घेऊन चालत नाही, धातूचा अंश नसलेली खास ट्यूब लागते, हे लॅबला आधी विचारून घ्या. नाहीतर सुईचाच धातू मोजला जायचा.

आणि ‘काढून टाका’ हे तर अजिबात नको. घट्ट बसलेला, न दुखणारा सांधा भीतीपोटी काढणं म्हणजे चांगलं हाड फोडून नवं दुखणं विकत घेणं. १९९० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे सांधेही कमी टिकलेले नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १०० पैकी ८९ सांधे पंधरा वर्षांनी आणि ५८ सांधे पंचवीस वर्षांनी जागेवर होते.

तुमच्या भावाची गोष्ट वेगळी, आणि तिथं मी जास्त विचार करेन. ४४ व्या वर्षी बसवलेल्या सांध्याला तीस-पस्तीस वर्षं काढायची आहेत. शेतीत उठबस, ट्रॅक्टरवर चढउतार, ऑक्टोबरच्या छाटणीत दिवसदिवस उभं राहणं. आपल्या भागात हे वय काही अपवाद नाही. युरोपात खुबा बदलतात ते प्रामुख्यानं साठी-सत्तरीत, झिजेच्या संधिवातासाठी. माझ्याकडे येणाऱ्यांत एव्हीएनवाले तरुण पुष्कळ: स्टेरॉइडचे, दारूचे, कोविडनंतरचे, आणि सुरगाणा-पेठकडचे सिकलसेलचे. म्हणजे ज्यांना सर्वांत टिकाऊ सांधा हवा त्यांच्याच खिशाला तो जड.

सिरॅमिकची भीती जुन्या मालावर बेतलेली आहे. १९७० मध्ये फ्रान्समध्ये पिअर बुतॅं यांनी अल्युमिना या सिरॅमिकचा पहिला सांधा बसवला. त्या काळचे गोळे ठिसूळ होते आणि फुटतही. २००१ मध्ये झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकच्या गोळ्यांच्या काही बॅच भट्टीतल्या बदलामुळे फुटू लागल्यानं परत बोलावल्या गेल्या. आज वापरतात तो अल्युमिनात झिर्कोनिया मिसळलेला गुलाबी गोळा खूप चिवट आहे. तो फुटणं अत्यंत विरळा. पण फुटला तर मात्र प्रकरण वाईट. बारीक कपच्या मांसात रुतून बसतात, कितीही धुतलं तरी सगळ्या निघत नाहीत. अशा सांध्यात पुन्हा धातूचा गोळा कधीच बसवायचा नाही. जर्मनीतल्या मारबुर्गच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये असा एक रुग्ण मांडला होता: फुटलेल्या सिरॅमिकच्या जागी धातूचा गोळा बसवला, राहिलेल्या कपच्यांनी तो पॉलिश पेपरसारखा खरवडला, आणि रक्तात इतकं कोबाल्ट उतरलं की हृदय निकामी व्हायला आलं, दृष्टी आणि श्रवण गेलं, थायरॉइड मंदावलं. तोवर मूळ कारण खुब्यात आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर भावासाठी सिरॅमिकचा गोळा आणि हायली क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचा लायनर. जुनं पॉलिथिलीन हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे. त्यामुळे त्याचं ऑक्सिडेशन व्हायचं, कधी कधी तर पाकिटात पडल्यापडल्याच ते ठिसूळ व्हायला लागायचं. १९९८-९९ पासून किरणांचा मोठा डोस देऊन त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंफतात आणि नंतर तापवून, किंवा ई-जीवनसत्त्व मिसळून, शिल्लक राहिलेला दोष काढतात. याची झीज जुन्यापेक्षा कितीतरी कमी आहे आणि वीसेक वर्षांच्या अनुभवात हाड पोखरल्याची उदाहरणं फारच थोडी. बदल्यात त्याची चिवटाई थोडी कमी होते, म्हणून लायनर फार पातळ आणि वाटी उभी बसली तर काठाला चीर जाऊ शकते. सिरॅमिकचा गोळा घेतला की ओरखडे पडत नाहीत आणि मानेच्या गंजाचा प्रश्नही जवळजवळ मिटतो. सिरॅमिकवर सिरॅमिक हाही चांगला पर्याय, झीज जवळपास शून्य. पण तो वाटीच्या कोनाबाबत माफ करत नाही, काठाची कपची उडू शकते आणि काहींचा सांधा चालताना चक्क कुरकुरतो. देवळाच्या शांत गाभाऱ्यात आवाज येतो म्हणून ओशाळलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. अपाय काही नव्हता, पण त्यांना ते पटेना.

गोळ्याच्या मापाबद्दल कुणी ‘मोठा तेवढा चांगला’ म्हणालं तर हिशेब तुम्हीच करून पाहा, तुमच्या हातातलं काम आहे. २८ मिलिमीटरचा गोळा वर्षाला ०.१ मिलिमीटर आत गेला तर सुमारे ६२ घन मिलिमीटर भुगा. ३६ चा गोळा तितकाच आत गेला तर १०२. शिवाय त्याच कवचात गोळा मोठा म्हणजे लायनर पातळ. पण मोठा गोळा निखळायचं भय कमी करतो आणि आपल्याकडे जमिनीवरचं बसणं सुटत नाही, म्हणून मी बहुधा ३२ किंवा ३६ वर थांबतो. फार मोठे धातूचे गोळे मी बसवत नाही.

झिजेशिवायचे धोके थोडक्यात. निखळणं पहिल्या तीन महिन्यांत जास्त. गुडघा पोटाशी आणून पाय आत वळवला की होतं, म्हणून उकिडवं बसणं नकोच आणि संडास कमोडचा हवा. जंतुसंसर्ग शेकडा एकाच्या आसपास, पण तो दहा वर्षांनीही रक्तातून येऊ शकतो: किडलेला दात, मधुमेहाच्या पायाची जखम, लघवीचा संसर्ग. सांधा सैल झालाय असं वाटलं की मी आधी ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करतो आणि सांध्यातलं पाणी काढून तपासतो. संसर्ग नाही हे ठरल्याशिवाय नवा सांधा नाही. पडण्याचा धोका तर वयाबरोबर वाढतच जातो, तेव्हा शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या आणि ओली मोरी यांना जपा. चालणं, सायकल, पोहणं सगळं चालेल. सप्तशृंगीला जायचं तर ट्रॉलीनं जा.

कोणत्या दुखण्यावर थांबायचं नाही तेही सांगतो. खुर्चीतून उठताना पहिल्या चार पावलांना कळ येते आणि मग चालू लागतं, हे सैल सांध्याचं ठरलेलं लक्षण. कळ जांघेत असेल तर संशय वाटीवर, मांडीच्या मध्यावर असेल तर दांड्यावर. रात्री झोपेतही ठणकत असेल तर आधी जंतुसंसर्गाचा विचार. आणि पाय अचानक आखूड वाटायला लागला तर त्याच दिवशी या.

तुम्ही या महिन्यात एक एक्स-रे काढा. गोळा मधोमध असेल तर पुढचा दोन वर्षांनी. वर सरकलेला दिसला किंवा हाडात काळे डाग दिसले तर सीटी करून पोकळी मोजू आणि सहा-सहा महिन्यांनी पाहत जाऊ. भावाला ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला सांगा: लायनर क्रॉसलिंक्ड आहे का, गोळ्याचं माप किती, आणि स्टिकरची एक प्रत डिस्चार्ज कार्डवर लावून मिळेल का. एव्हीएन दारूमुळे असेल तर ती आजपासून बंद. दोन्ही सांधे एकाच वेळी करायचे की महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं, हे त्यांचं हिमोग्लोबिन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचं मत पाहून ठरवा. बागेची छाटणी मध्ये येते म्हणून नको.